कोकणात जुना चेनचा डोझर: निवड, तपासणी आणि पावसाळ्यातली राखण

वरकस उतारावर काजू-आंब्याची बाग उठवायची म्हटली की हल्ली लोक आधी जेसीबीला फोन लावतात, नाही जमलं तर पोकलेनला. डोझर, म्हणजे चेनवर चालणारा, पुढे माती ढकलायचं ब्लेड असलेला बुलडोझर, कुणाच्या डोक्यात येत नाही. पण उतारावर आडवे पट्टे काढायचे, बागेतला रस्ता काढायचा, उपसलेली माती पसरायची, दाबायची, तर छोटा डोझर या दोघांपेक्षा सरस काम करतो. जेसीबी एका जागी उभा राहून खणतो, तर डोझर चालता चालता कापतो आणि कापलेलं पुढे नेऊन टाकतो. शिवाय त्याचं वजन दोन लांब चेनवर पसरलेलं असल्यामुळे मऊ जमिनीत तो चाकाच्या यंत्राइतका रुतत नाही.

नवा डोझर शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. म्हणून जुना. आणि जुना घेताना बहुतेकांची नजर इंजिनावर असते. एका सेल्फला चालू झालं, धूर कमी आहे, रंग ताजा आहे, झाला सौदा. माझं म्हणणं उलटं आहे. चेन आणि स्टिअरिंग क्लच (डोझर वळवणारे क्लच) बघून डोझर घ्या, इंजिन त्यानंतर. इंजिन कणकवलीतही बांधून मिळतं. अंडरकॅरेजचा (चेन, रोलर आणि चेन फिरवणारी चाकं) खर्च मात्र यंत्राच्या आयुष्यभरच्या दुरुस्तीखर्चाच्या निम्म्याच्या घरात जातो. दुसरी गोष्ट अशी की आठ महिने काम करून डोझर जितका झिजत नाही, तितका चार महिने पावसात नुसता उभा राहून खराब होतो. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी जमीन बघा

कातळाच्या सड्यावर छोटा डोझर काही कामाचा नाही. देवगड, राजापूर, रत्नागिरीच्या सड्यांवर वरची वीतभर माती गेली की खाली अखंड जांभा लागतो. तिथे ब्लेड नुसतं घासत राहतं आणि कटिंग एज (ब्लेडची खालची धार) खलास होते. मागे रिपर (जमीन उचकटायचा दात) असला तरी सहा-सात टनांच्या यंत्राचं वजन कठीण जांभा उचकटायला पुरत नाही. तिथे ब्रेकर लावलेला पोकलेनच बोलवा.

डोझरची खरी जागा म्हणजे भरड मातीचे उतार, झुडपी जंगल वाढलेली पडीक वरकस, घळीतले मळे आणि बागेचे अंतर्गत रस्ते. खाजणातल्या बांधाच्या कामालाही तो चालतो, पण तिथे साध्या पट्ट्यांचा (चेनवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) डोझर नेऊ नका. रुंद पट्ट्यांचा दलदली प्रकार लागतो, कारण त्याचा जमिनीवरचा दाब साध्यापेक्षा बराच कमी असतो. कोमात्सू या जपानी कंपनीच्या छोट्या यंत्रांत हे नावावरूनच कळतं. डी-२०ए किंवा डी-३१ए म्हणजे तिरकं करता येणारं ब्लेड असलेला साधा डोझर, ‘पी’ म्हणजे दलदलीचा, ‘एस’ म्हणजे पुढे बकेट असलेला लोडर. बकेट काढून ब्लेड बसवलेले ‘एस’ विकायला येतात. ते वाईट असतात असं नाही, पण उतारावर काढलेल्या पट्ट्यावर माती एका बाजूला सारायला ब्लेड तिरकं करता आलं पाहिजे. ते होतं का, हे करून बघा.

यंत्र शेतापर्यंत पोचेल का, हेही आधीच ठरवा. वाडीकडे जाणारे साकव अवजड वाहनासाठी बांधलेले नसतात. चार टनांचा डोझर छोट्या ट्रकवर चढून जाईल. अकरा-बारा टनांच्या डोझरला लो-बेड ट्रेलर लागतो, आणि तो ट्रेलर पाणंदीत वळत नाही. डांबरी रस्त्यावरून चेन चालवत नेला तर रस्ता फुटतो आणि ग्रामपंचायत दारात येते. अगदीच नाइलाज असेल तर जुन्या टायरचे तुकडे पट्ट्यांखाली टाकत टाकत तेवढा रस्ता पार करायचा.

बाजारात काय मिळतं

आपल्याकडे जुने डोझर साधारण तीन वाटांनी येतात.

पहिली वाट सरकारी किंवा निमसरकारी लिलावाची. इथला नेहमीचा गडी म्हणजे बीईएमएलचा डी-५०. बीईएमएल ही १९६४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. कोमात्सूच्या सहकार्याने कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात तिने हे डोझर बनवले आणि देशभर पाटबंधारे, रस्ते, खाणी, सगळीकडे ते राबले. वजन अकरा-बारा टनांच्या आसपास. बागेच्या कामाला जरा थोराड, पण सुटे भाग भारतात सगळ्यात सहज याचेच मिळतात, आणि तो उघडलेला फिटर प्रत्येक जिल्ह्यात एखादा तरी सापडतो. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर जातो, म्हणजे नंतर तक्रारीला जागा नाही. पाहणीचे दिवस दिलेले असतात, त्या दिवशी फिटर घेऊन जा. फोटो बघून बोली लावू नका.

दुसरी वाट म्हणजे जपानहून वापरून आलेली छोटी यंत्रं. कोमात्सूचे डी-२० (साडेतीन-चार टन) आणि डी-३१ (सहा-सात टन), मित्सुबिशीचा बीडी-२. कोकणातल्या छोट्या धारणेला आकाराने हेच सगळ्यात सोयीचे. पाच-दहा एकरांच्या बागेसाठी मला विचाराल तर डी-३१, आणि निर्णय तिथेच संपतो. मात्र सुट्या भागांची वाट बघायची तयारी ठेवा, कारण एखादं सील मुंबईतही नसतं.

तिसरी वाट हौशी लोकांची. कॅटरपिलरचा डी-२ किंवा जुना डी-४, इंटरनॅशनलचा टीडी-६. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन मोडायला चेनचे ट्रॅक्टर आणायचे म्हणून. त्या पिढीतलं एखादं यंत्र अजूनही कुठेतरी शेडमागे गंजत पडलेलं असतं. डी-२ हा १९३८ ते १९५७ या काळात बनला. अशी यंत्रं साधी आहेत, त्यांत इलेक्ट्रॉनिक काही नाही, आणि नीट बांधली तर आजही काम देतात. पण चालू करण्याचीच एक तऱ्हा असते. कॅटरपिलरवर बाजूला छोटं पेट्रोल इंजिन असतं. ते दोरीने किंवा हँडलने चालू करायचं आणि त्याने मोठं डिझेल इंजिन फिरवायचं. इंटरनॅशनलचं इंजिन स्वतःच आधी पेट्रोलवर चालू होतं, मग लिव्हर टाकून डिझेलवर घ्यायचं. म्हणजे कॅटरपिलरवर तपासायला दोन इंजिनं. पेट्रोलचं छोटं इंजिन खराब असलं की मोठं कितीही चांगलं असो, ते चालू होत नाही.

असं यंत्र उतारासाठी घ्यायचं तर रुंद गेजचंच घ्या. डी-२ मध्ये सिरियल नंबर ५यू ने सुरू होत असेल तर दोन्ही चेनच्या मध्यांमधलं अंतर ५० इंच, ४यू असेल तर ४० इंच. डी-४ मध्ये ७यू म्हणजे ६० इंच, ६यू म्हणजे ४४ इंच. अरुंद यंत्र सपाटीवरच्या ओळीतल्या कामाला ठीक. आपल्या उतारावर ते कलंडेल.

तपासणी: चेनपासून सुरुवात

सोबत स्टीलची पट्टी, खडू, हातोडी, चुंबक आणि रिकामी पाण्याची बाटली न्या. यंत्र आधीच धुवून, चालवून, गरम करून ठेवलेलं असेल तर विकणाऱ्याला सांगा की उद्या सकाळी परत येतो, तोवर चालू करू नका. थंड यंत्र खरं बोलतं.

चेनवर खडूने सलग चार लिंकची (कड्यांची) लांबी मोजा, एका पिनच्या मध्यापासून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत. मास्टर पिन (चेन जिथे जोडतात-सोडतात ती पिन) मध्ये येऊ देऊ नका. चेन ताणलेली हवी; त्यासाठी स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातात लाकडाचा ठोकळा अडकवून यंत्र किंचित मागे घेतात. आलेल्या आकड्याला चारने भागा. नव्या चेनची पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर, डी-२० ला १३५ मिमी, डी-३१ ला १५४ आणि डी-५० ला साधारण १७५ असते. लिंकमागे ३ मिमी वाढ झाली असेल तर पिन-बुश फिरवायची वेळ आलेली आहे. त्याहून जास्त असेल तर फिरवूनही उपयोग नाही, नवी चेन धरूनच किंमत बोला.

बुश (पिनवर बसणारी नळी) एकाच बाजूने झिजतो. चेन काढून, प्रेसवर पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून बसवले की न झिजलेली बाजू स्प्रॉकेटला लागते आणि अर्ध्याहून जास्त आयुष्य परत मिळतं. ट्रॅक प्रेस कोकणात सहसा मिळत नाही. घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगर किंवा शिरोलीकडे जावं लागतं, नाहीतर खाली कळंबोली-तळोजाकडे. बुश फिरवायच्या आधीच भोक पडेपर्यंत चालवला असेल तर मात्र तो संपला. म्हणून प्रत्येक बुशवर बोट फिरवून बघा. चीर किंवा भोक दिसलं की भाव पाडा.

मग स्प्रॉकेटचे दात बघा. टोकदार, एका बाजूला वाकल्यासारखे झाले असतील तर ते जुन्या ताणलेल्या चेनबरोबर बराच काळ फिरलेले आहेत. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर ती भराभर खराब होते. खालचे रोलर एकेक हाताने फिरतात का बघा. एका ठिकाणी चपटा झालेला रोलर म्हणजे तो अडकून घासत होता. रोलरच्या बाहेरच्या तोंडाशी तेलाचा ओला डाग असेल तर सील गेलं आहे. रोलरची कड चेनच्या पिनच्या बोळक्याला घासून चकचकीत झालेली दिसली तर रोलर आणि लिंक दोन्ही झिजलेत.

पट्ट्याची उभी धार किती उरली आहे? ती गुळगुळीत झालेली असेल तर पावसाळ्याच्या तोंडी ओल्या उतारावर यंत्र घसरतं. धार वेल्डिंगने वाढवता येते, त्यासाठी तयार पट्टी मिळते, त्यामुळे यावरून सौदा मोडू नका.

शेवटी यंत्र सरळ दहा-पंधरा मीटर चालवून मागे उभे राहा आणि चेन कशी पडते ते बघा. सापासारखी वळवळत पडली तर पिन-बुश मोकळे झालेत. आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं मोकळं चाक) एका कडेला सरकून चालत असेल तर ट्रॅक फ्रेम वाकडी आहे किंवा गाइड झिजलेत. वाकडी फ्रेम असलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

स्टिअरिंग क्लच आणि ब्रेक

याच्याइतकं दुर्लक्ष कशाकडेच होत नाही, आणि याच्याइतका जीवघेणा भागही दुसरा नाही. डोझर वळतो तो एका बाजूच्या चेनची ताकद तोडून. दोन्ही बाजूंना एकेक क्लच आणि एकेक ब्रेक. जुन्या यंत्रांत हे क्लच कोरडे असतात, नंतरच्यांत तेलात बुडालेले. विकणाऱ्याला नेमकं माहीत नसेल तर मॉडेलच्या पुस्तिकेत बघून घ्या, कारण देखभाल दोघांची पूर्ण वेगळी आहे.

सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये हळू चालवा. उजवा लिव्हर ओढा, ब्रेक दाबू नका. यंत्र सावकाश उजवीकडे वळायला हवं. काहीच झालं नाही तर क्लच सुटत नाही, प्लेटा गंजून चिकटल्या आहेत. डावीकडेही तसंच करा. मग मातीच्या ढिगाला ब्लेड लावून पहिल्या गिअरमध्ये जोर द्या. एकतर चेन जागच्या जागी फिरायला हवी, नाहीतर इंजिन दबायला हवं. दोन्ही झालं नाही आणि इंजिन मोकळं गुरगुरत राहिलं तर कुठलातरी क्लच घसरतोय. एकाच बाजूची चेन थांबत असेल तर त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच, दोन्ही थांबत असतील तर मेन क्लच.

कोरड्या क्लचच्या खोलीला खाली निचऱ्याचा बूच असतो. तो उघडून बघा. तेल गळलं तर आतली सीलं गेलीत आणि प्लेटांना तेल लागलंय. पाणी गळलं तर यंत्र पावसात उघडं पडलेलं होतं, आणि तेव्हा आतल्या गंजाचा अंदाज विकणाऱ्याला विचारू नका, तो स्वतः करा.

फायनल ड्राइव्हचा (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचा) निचऱ्याचा बूच किंचित ढिला करून कपभर तेल बाटलीत घ्या. दुधी रंग म्हणजे पाणी. खाजणात काम केलेल्या यंत्रात हे हमखास सापडतं, कारण सील गेलेलं असलं की खारं पाणी आत जातं आणि बेअरिंगं खाऊन टाकतं. तेलात चुंबक बुडवा. बारीक राखाडी लेप असेल तर नेहमीची झीज, चमचमणारे तुकडे आले तर दाताचे किंवा बेअरिंगचे. मागचं पाऊल तिथूनच घ्या.

इंजिन आणि बाकीचं

थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या दांडीवर दुधट फेस असेल तर गास्केट, नाहीतर चिरलेलं हेड. चालू झाल्यावर सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला तर काळजी नाही, गरम झाल्यावरही निळा येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरा. जोरात फुंकर बसली तर रिंगा गेल्यात. ऑइल प्रेशर थंड असताना सगळ्यांचं छान असतं. तासभर दाबून काम केल्यावर, हळू चालत असताना किती उरतं ते बघा.

हायड्रॉलिकसाठी ब्लेडने यंत्राचं पुढचं तोंड जमिनीवरून उचला आणि तसंच धरा. काही मिनिटांत खाली बसलं तर सिलिंडरची किंवा व्हॉल्व्हची सीलं. सिलिंडरच्या दांड्यावर नख फिरवा. खाऱ्या हवेने खड्डे पडलेला दांडा नवं सील आठवड्यात फाडतो. पुश आर्म (ब्लेड ढकलणारे दांडे), ब्लेडच्या मागच्या बिजागऱ्या आणि सी-फ्रेमचे (ब्लेड धरणाऱ्या चौकटीचे) कोपरे हातोडीने ठोकून, रंगाखाली चीर आहे का ते बघा. ताजा रंग फक्त तेवढ्याच भागावर असेल तर तिथे नक्की बघा.

कागदांत मूळ बिल किंवा लिलावाचं पत्र आणि सिरियल नंबरची पाटी यंत्रावरच्या नंबराशी जुळली पाहिजे. पाटी उपटलेली असेल तर पुढे जाऊ नका.

काम करताना

आपल्याकडच्या उताराने अनुभवी ऑपरेटरलाही फसवलंय, म्हणून हे आधी. क्लचवर वळणारा डोझर उतार उतरताना, ओझं त्याला पुढे ढकलत असताना, उलटा वळतो. उजवा क्लच सोडला तर उजवी चेन मोकळी होऊन पुढे पळते आणि यंत्र डावीकडे जातं. म्हणून उतरताना क्लचबरोबर ब्रेकही लावायचा, किंवा वळायच्या उलट बाजूचा लिव्हर हलकेच ओढायचा. हे सपाटीवर शिकून येत नाही. नवा ऑपरेटर ठेवलात तर आधी हलक्या उतारावर समोर करून घ्या. चढ-उतार उभेच करा, आडवं कमीत कमी. जुन्या यंत्रांवर डोक्यावर मजबूत छत्री नसते. ती कोल्हापुरात जाड पाइपची करून घ्या, पण नुसती सावलीची ताडपत्री टाकून सुरक्षित झालो असं समजू नका.

चेनचा ताण काम चालू असलेल्या स्थितीत बघायचा. आपली लाल चिकट माती चेनमध्ये भरली की चेन आणखी ताठ होते, आणि धुवून स्वच्छ केलेल्या चेनवर ताण जुळवलात तर कामावर गेल्यावर ती दगडासारखी होते. पुढच्या आयडलरपासून चेनची वरची बाजू पेलणाऱ्या कॅरिअर रोलरपर्यंत सरळ पट्टी टेका. मध्ये चेन २० ते ३० मिमी खाली आलेली असावी. सैल झाली तर निपलमधून ग्रीस भरा. ताठ झाली तर व्हॉल्व्ह एकाच फेऱ्यापर्यंत, हळू सैल करा, आणि तोंड कधीही त्याच्यासमोर नेऊ नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, कातडी फोडून आत घुसतं.

संध्याकाळी चेनमधली माती काढून टाकण्याचा कंटाळा येतो, पण रात्रभरात ती वाळून घट्ट बसते. फावड्याने काढा. सतत एकाच बाजूला वळू नका, लांब अंतर वेगाने मागे येऊ नका. बुशची झीज मागे चालतानाच जास्त होते. काम असं आखा की माती उताराकडे ढकलली जाईल आणि परतीचा रिकामा फेरा छोटा राहील.

तासांचं मीटर बहुतेक जुन्या डोझरवर बंद असतं. वही ठेवा. रोज ऑइल, पाणी, गळती आणि ग्रीस. साधारण २५० तासांना इंजिन ऑइल आणि फिल्टर, ५०० ला डिझेल फिल्टर, हजाराला फायनल ड्राइव्ह आणि गिअरचं तेल, दोन हजारांना हायड्रॉलिक. जुन्या इंजिनाला हे अंतर मी निम्म्यावर आणतो, कारण ऑइल स्वस्त आणि क्रँक महाग. तेलात चालणाऱ्या क्लचमध्ये गिअरसाठीचं नव्वद नंबरचं ईपी तेल कुणी भरू देऊ नका. प्लेटा घसरायला लागतात. पुस्तिकेत जे ग्रेड लिहिलंय तेच.

उन्हाळ्यात जांभ्याची धूळ फार बारीक असते. जुना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असेल तर रोज भांडं उघडून गाळ बघा. गाळ दिसला की तेल बदला, आठवड्याची वाट बघू नका. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी अडकतं, ते आतून बाहेर हवेने उडवा. रेडिएटरमध्ये नुसतं विहिरीचं पाणी घालू नका. कोकणात गोठण्याची भीती नाही, पण कूलंट गंज रोखतो, आणि त्यासाठीच तो हवा. खाडीकाठी काम झालं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. स्वतःच्या शेतातली माती बाहेर न्यायची असेल तर ती गौण खनिजात मोडते, तहसील कार्यालयातून परवाना घ्या. झाडं पाडायच्या आधी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखालची परवानगी. कांदळवनात ब्लेड घालायचंच नाही. आणि डोंगराचा पायथा उभा कापून ठेवू नका; कापलेल्या पट्ट्याच्या वरून पाण्याला बाजूला काढणारा चर पहिल्या पावसाआधी झालाच पाहिजे.

आगोटीची तयारी

मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, यंत्र कामातून काढा. सरी कोसळायला लागल्यावर चिखलातून बाहेर काढायच्या नादात चेन तुटतात.

उंच, पाणी न साचणारी जागा निवडा. मांगर किंवा पत्र्याची शेड असेल तर उत्तम. नुसती ताडपत्री पुरत नाही, खालून ओल चढते आणि आत कोंडते. चेनखाली जांभ्याचे चिरे नकोत, ते ओल धरतात. लाकडी स्लीपर टाका. ब्लेडही लाकडावर, जमेल तेवढ्या उंच ठोकळ्यावर टेकवा. ब्लेड पूर्ण खाली असलं की उचलणाऱ्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर राहतात, आणि खारी हवा तिथेच लागते. उघड्या राहिलेल्या दांड्यांना जाड ग्रीस लावून कापड गुंडाळा.

डिझेलची टाकी काठोकाठ भरा. अर्धी टाकी म्हणजे वरच्या पोकळीत दमट हवा, तिचं पाणी होऊन तळाशी जातं आणि पंप गंजतो. इंजिन ऑइल उभं करण्याआधी बदला, पावसाळ्यानंतर नाही. वापरलेल्या ऑइलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू नये. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला. झावळी टाकून भागत नाही. बॅटरी काढून घरात न्या, महिन्याला एकदा चार्ज करा, टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा. वायरिंगच्या हार्नेसमध्ये उंदीर येतात, आणि उंदरांमागे कोण येतं ते कोकणात सांगायला नको. सीट काढून ठेवा.

कोरड्या क्लचचं यंत्र असेल तर हे विसरू नका. मेन क्लच सोडलेल्या स्थितीत ठेवा आणि स्टिअरिंगचे लिव्हर ओढून दोरीने बांधा, म्हणजे प्लेटा एकमेकींना दाबून राहणार नाहीत आणि गंजून चिकटणार नाहीत. हे फक्त साध्या, दांड्यांवर चालणाऱ्या लिव्हरना लागू. हायड्रॉलिक मदतीचे लिव्हर इंजिन बंद असताना बांधून क्लच सुटत नाही. क्लचच्या खोलीचा निचऱ्याचा बूच उघडा ठेवा, आणि तशी चिठ्ठी यंत्राच्या स्टार्टरजवळ लटकवा.

काहीजण दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. त्यापेक्षा न केलेलं बरं. थंड इंजिनात आतल्या आत पाणी साचतं आणि बाहेर जात नाही. चालू करायचंच तर पूर्ण गरम होईपर्यंत, आणि पाच-दहा मीटर पुढेमागे करून, म्हणजे रोलरची सीलं ओली होतील.

पावसाळ्यानंतर

खंडेनवमीला यंत्राला हार घालून, नारळ फोडून लगेच सेल्फ मारायची आपली रीत आहे. पूजा जरूर करा, पण आदल्या दिवशी एवढं उरकून घ्या. डबा काढा, क्लचची दोरी सोडा, निचऱ्याचा बूच लावा. डिझेल टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी येतंय का बघा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. इंजिन आधी पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर सेल्फ लावू नका, नोझलच्या भोकातून थोडं डिझेल-ऑइल सोडून रात्रभर ठेवा. फिरलं की स्टॉप (इंजिनाचं डिझेल तोडायचा लिव्हर) ओढून धरून सेल्फवर फिरवत राहा, प्रेशरचा काटा हलला की मग स्टॉप सोडा.

चेन गंजून आखडलेली असेल तर सांध्यांवर डिझेल टाकून थोडं थोडं पुढेमागे करा, एकदम जोर देऊ नका. पहिले दोन दिवस हलकं काम. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांचे सगळे बोल्ट, रोलरचे बोल्ट आणि कटिंग एजचे बोल्ट पुन्हा आवळा, फायनल ड्राइव्हचं तेल बाटलीत काढून परत बघा, आणि रंग दुधी निघाला तर भाताची कापणी उरकून माणसं मोकळी व्हायच्या आत सील बदलून घ्या, कारण त्यानंतर बागेच्या कामाची झुंबड उडते आणि फिटर कुणालाच मिळत नाही.